अतिनील दिव्याचा व्हॅक्यूम क्लीनर घरात आणताना

गादी साफ करण्याचे हातात धरायचे छोटे व्हॅक्यूम क्लीनर अलीकडे शहरांतल्या पुष्कळ घरांत दिसू लागले आहेत. यंत्र गादीवर टेकवले की त्याच्या कडेने निळसर उजेड झिरपतो आणि खोक्यावर ‘९९.९ टक्के जंतूंचा नाश’ अशी ठळक ओळ छापलेली असते. घरात कोणाला दमा असेल किंवा लहान मूल सकाळी उठल्या उठल्या शिंकत असेल, तर ती ओळ वाचून खिशात हात जातो, यात नवल नाही. आमच्या घरीही हे यंत्र त्याच कारणाने आले. काही वर्षांच्या वापरानंतर आणि त्यामागचे शास्त्र नीट समजून घेतल्यानंतर माझे मत असे झाले आहे की हा दिवा निरुपयोगी नाही, परंतु त्याच्याकडून काम करवून घ्यायचे तर धूळ आधी काढावी लागते आणि हात फार सावकाश चालवावा लागतो. विकत घेताना या दोन गोष्टी सहसा कोणी सांगत नाही. म्हणून ज्यांनी हे यंत्र नुकतेच आणले आहे किंवा आणण्याच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी हे क्रमवार लिहीत आहे.

दिवा नेमके काय करतो

सूर्यप्रकाशाने जिवाणू मरतात हे इंग्लंडमध्ये आर्थर डाउन्स आणि टॉमस ब्लंट यांनी १८७७ साली प्रयोगाने दाखवले. पुढे डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांनी त्वचेच्या क्षयावर प्रकाशाचे उपचार केले आणि त्याबद्दल त्यांना १९०३ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. अतिनील किरणांचे तरंगलांबीनुसार तीन भाग पाडतात. ३१५ ते ४०० नॅनोमीटरच्या किरणांना ए, २८० ते ३१५च्या किरणांना बी आणि १०० ते २८०च्या किरणांना सी म्हणतात. जंतुनाशक दिव्यांत जे वापरतात ते सी किरण. सूर्याकडून निघालेले सी किरण वातावरणातला ओझोन अडवतो, त्यामुळे ते जमिनीपर्यंत पोहोचत नाहीत आणि आपल्याला ते दिव्यातूनच मिळवावे लागतात. कमी दाबाचा पाऱ्याचा दिवा मुख्यतः २५४ नॅनोमीटरचा किरण देतो, आणि जंतूंच्या डीएनएमध्ये शोषला जाण्यास हा किरण चांगलाच अनुकूल आहे. त्याच्यामुळे डीएनएच्या साखळीतले शेजारशेजारचे दोन दुवे एकमेकांना चिकटतात, साखळीची नक्कल निघेनाशी होते आणि त्या जंतूची वाढ खुंटते.

आपल्या स्वयंपाकघरातल्या पाण्याच्या फिल्टरमध्येही असाच दिवा असतो. तिथे तो विश्वासाने वापरता येतो, कारण आधीच गाळून स्वच्छ झालेले पाणी पातळ थराने दिव्याच्या अगदी जवळून जाते आणि त्याचा वेग यंत्रानेच ठरवलेला असतो. गादीच्या बाबतीत यातली एकही गोष्ट आपोआप घडत नाही. पाणी पारदर्शक असते, कापड नसते. पाण्याचा वेग यंत्र ठरवते, गादीवरचा वेग मात्र आपला हात ठरवतो. पुढचे सगळे मार्गदर्शन या फरकावर उभे आहे.

पहिली पायरी: दिवा खरा आहे का, हे पाहणे

दुकानात किंवा घरी खोके उघडल्यावर सर्वांत आधी दिव्याच्या किरणांची तरंगलांबी शोधावी. ती माहितीपुस्तिकेत नॅनोमीटरमध्ये दिलेली असते. पाऱ्याचा दिवा असेल तर आकडा २५३.७ किंवा २५४ असायला हवा. एलईडी असेल तर साधारण २६५ ते २८०च्या दरम्यान. ३६५, ३९५ किंवा ४०५ असा आकडा दिसला, तर तो दिवा जंतुनाशक सी किरणांचा नाही, असे समजावे. आकडाच दिलेला नसेल आणि विक्रेत्यालाही तो सांगता येत नसेल, तर दिव्यासाठी वेगळे पैसे मोजू नयेत.

निळ्या-जांभळ्या उजेडावर विसंबू नये. सी किरण माणसाच्या डोळ्याला दिसतच नाहीत. पाऱ्याच्या दिव्यातून निघणारा निळसर उजेड हा त्याच्यासोबत येणारा दृश्य प्रकाश असतो, आणि एलईडीच्या काही यंत्रांत तर निळा दिवा केवळ यंत्र चालू असल्याची खूण म्हणून वेगळा बसवलेला असतो. नोट धरून तिच्यावरचे तंतू चमकतात का हे पाहण्याची एक पद्धत प्रचलित आहे, परंतु नोट ए किरणांनीही चमकते, त्यामुळे त्या चाचणीने काहीच सिद्ध होत नाही. खात्री करायची असेल तर सी किरणांनी रंग बदलणारी चाचणीची कार्डे ऑनलाइन मिळतात, ती वापरावीत. कार्ड गादीवर ठेवून त्यावरून यंत्र न्यावे आणि यंत्र उचलून रंग पाहावा. मग दुसऱ्या कार्डावर साध्या काचेचा पातळ तुकडा ठेवून, उदाहरणार्थ जुन्या फोटोफ्रेमची काच ठेवून, तेच करावे. साधी काच २५४ नॅनोमीटरचे किरण अडवते, म्हणून काचेखालचे कार्ड जवळजवळ आहे तसेच राहिले आणि उघडे कार्ड बदलले, तर दिवा खरा. काचेखालीही तितकाच रंग बदलला, तर ते ए किरणांचे काम आहे.

याच कारणाने दिव्यावरचे झाकणही पाहावे. सी किरण आरपार जाऊ देण्यासाठी क्वार्ट्झ किंवा त्यासारखे खास साहित्य लागते. दिव्यापुढे साध्या पारदर्शक प्लॅस्टिकची खिडकी असेल, तर आतला दिवा कितीही चांगला असला तरी त्याचे किरण त्या खिडकीतच संपतात. आणखी एक गोष्ट वासावरून कळते. काही पाऱ्याचे दिवे १८५ नॅनोमीटरचे किरणही देतात आणि त्यांच्यामुळे हवेत ओझोन तयार होतो. विजेच्या ठिणगीनंतर येतो तसा उग्र वास यंत्राला येत असेल, तर दम्याच्या रुग्णाच्या खोलीत ते वापरू नये. ‘ओझोनविरहित’ असे लिहिलेला दिवा घ्यावा.

दुसरी पायरी: डोळे आणि त्वचा सांभाळणे

यंत्र एकदाही गादीवर फिरवण्यापूर्वी त्याचे सुरक्षेचे बटण तपासावे. चांगल्या यंत्राच्या तळाला छोटी चाके किंवा दाबाची बटणे असतात. ती पृष्ठभागावर टेकली तरच दिवा लागतो आणि यंत्र उचलताच किंवा तिरके होताच विझतो. हे तपासण्यासाठी यंत्र उलटे करून दिव्यात डोकावू नये. खोली अंधारी करून यंत्र जमिनीवर ठेवावे, आपण बाजूला उभे राहून कडेचा उजेड पाहावा, आणि तळ आपल्या विरुद्ध दिशेला राहील अशा बेताने ते सावकाश तिरके करावे. उजेड लगेच गेला पाहिजे. दोन-तीन सेकंद रेंगाळणारा दिवाही मला मान्य नाही. असे यंत्र परत करावे.

आमच्या घरी हा धडा भाच्याने गिरवला. दिवा खरेच लागतो का हे पाहण्यासाठी त्याने यंत्र उलटे धरले, बोटाने बटण दाबून ठेवले आणि काही वेळ त्या निळ्या नळीकडे निरखून पाहिले. त्या वेळी काहीच झाले नाही. रात्री साडेबाराच्या सुमारास मात्र तो डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटते म्हणून उठून बसला, पाणी थांबेना आणि ट्यूबलाइटही सोसेना. नेत्रतज्ज्ञांनी बुबुळाच्या पृष्ठभागाला झालेली भाजणूक असल्याचे सांगितले. वेल्डिंग करणाऱ्यांना होते तीच. ती दोन दिवसांत बरी झाली, पण त्याने ते दोन दिवस डोळ्यांवर पट्टी ठेवून काढले. या दुखण्याची फसवी बाजू हीच आहे की त्रास काही तासांनी सुरू होतो, त्यामुळे त्या क्षणी माणसाला धोका कळतच नाही. २५४ नॅनोमीटरच्या किरणांसाठी आठ तासांच्या कामाच्या दिवसाची मान्य मर्यादा प्रत्येक चौरस सेंटिमीटरला ६ मिलिज्यूल (मिलिज्यूल हे ऊर्जेचे माप) एवढीच होती. अगदी जवळून पाहिले तर ती काही सेकंदांत ओलांडली जाते.

म्हणून लहान मुलांच्या हाती हे यंत्र देऊ नये, पाळीव मांजराच्या किंवा कुत्र्याच्या अंगावरून ते फिरवू नये आणि हात निर्जंतुक करण्यासाठी तर कधीच वापरू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली, करोनाच्या काळात, हात किंवा त्वचा निर्जंतुक करण्यासाठी अतिनील दिवे वापरू नयेत असे स्पष्ट सांगितले होते. अंथरुणात बाळ झोपलेले असताना पायथ्याची बाजू उरकून घ्यावी, असा मोहही टाळावा.

तिसरी पायरी: आधी धूळ, मग दिवा

सी किरण कापडाच्या आत शिरत नाहीत. धुळीच्या कणाखाली, धाग्याच्या पलीकडच्या बाजूला, शिवणीच्या घडीत किंवा गादीच्या बटणाच्या खळग्यात दडलेल्या जंतूपर्यंत ते पोहोचत नाहीत. सावलीत राहिलेला जंतू वाचतो. त्यामुळे धुळीच्या थरावर दिवा फिरवणे म्हणजे धुळीच्या वरच्या पापुद्र्याला उजेड दाखवणे झाले.

अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी गालिच्यांवर केलेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला, तो या बाबतीत मला फार बोलका वाटतो. गालिच्यावरचे वाढू शकणारे सूक्ष्मजीव केवळ ब्रश आणि हवेची ओढ वापरून सुमारे ७८ टक्क्यांनी कमी झाले, केवळ अतिनील दिव्याने सुमारे ६० टक्क्यांनी, आणि दोन्ही एकत्र वापरल्यावर सुमारे ८७ टक्क्यांनी. म्हणजे दिव्याने भर पडते, हे खरे. पण कामाचा मोठा वाटा साध्या झाडण्या-ओढण्याचाच असतो, आणि खोक्यावरचे ९९.९ या दोहोंच्या बेरजेतही येत नाही. त्याच विद्यापीठात पिसवांवर झालेल्या २००७च्या अभ्यासात, साध्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढल्या गेलेल्या प्रौढ पिसवांपैकी ९६ टक्के मेल्या आणि त्यांच्या लहान अवस्था तर सगळ्याच मेल्या, असे आढळले होते. मांजर पाळणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे; तिथे दिव्याची गरजच नाही.

म्हणून क्रम असा ठेवावा. चादर, अभ्रे आणि पांघरुणे काढून धुवायला टाकावीत. गादीच्या कडा आणि शिवणी फटीत जाणाऱ्या अरुंद नळीने ओढून घ्याव्यात, कारण मुख्य तोंड तिथे बसत नाही. मग ब्रश चालू ठेवून संपूर्ण गादी एकदा उभी आणि एकदा आडवी अशी नेहमीच्या वेगाने साफ करावी. दिवा बंद करण्याची सोय असेल, तर या फेरीत तो बंद ठेवावा. ही फेरी संपल्यावर धुळीचा डबा एकदा पाहावा. पहिल्यांदा तो पाहणाऱ्याला धक्का बसतो. आमच्या एका साध्या कापसाच्या गादीतून पिठासारखी करडी, हाताला गुळगुळीत लागणारी भुकटी जवळजवळ मूठभर निघाली होती. ही भुकटी म्हणजे बहुतांशी कापसाचे बारीक तंतू, त्वचेचे सूक्ष्म पापुद्रे आणि त्यांवर जगणाऱ्या डस्ट माइट या सूक्ष्म प्राण्यांचे अवशेष.

चौथी पायरी: हात सावकाश चालवणे

आता दिव्याची फेरी. इथे थोडा हिशेब केला तर गोष्ट कायमची मनात बसते. किरणांची मात्रा म्हणजे किरणांची तीव्रता गुणिले वेळ. समजा दिवा ६ वॅटचा आहे. पाऱ्याच्या अशा छोट्या दिव्यात विजेचा साधारण चौथा हिस्सा सी किरणांत उतरतो असे धरले, तर दीड वॅट मिळाले. त्यातले निम्मे वर आणि बाजूला जातात असे धरू. उरले पाऊण वॅट. ते २० सेंटिमीटर लांब आणि ५ सेंटिमीटर रुंद खिडकीतून, म्हणजे १०० चौरस सेंटिमीटरवर पडतात. म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरला सेकंदाला साडेसात मिलिज्यूल. आता घर झाडताना आपला हात चालतो तसा, सेकंदाला अर्धा मीटर वेगाने, हात चालवला, तर गादीवरचा एखादा ठिपका त्या ५ सेंटिमीटरच्या खिडकीखाली फक्त एक दशांश सेकंद राहतो, आणि त्याला पाऊण मिलिज्यूल मिळते. ई. कोलायसारखा किरणांना सहज बळी पडणारा जिवाणू ९९ टक्क्यांनी कमी करायला सहा-सात मिलिज्यूल लागतात, तेही सपाट, उघड्या पृष्ठभागावर. म्हणजे नेहमीच्या वेगाने आपण गरजेच्या जेमतेम नवव्या हिश्शाएवढी मात्रा देत असतो.

हाच वेग सेकंदाला ५ सेंटिमीटरवर आणला, की त्याच ठिपक्याला साडेसात मिलिज्यूल मिळते आणि हिशेब जमतो. सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद गादीला २० सेंटिमीटरचे पाच पट्टे पडतात. एक पट्टा ३६ सेकंदांचा. पाच पट्टे तीन मिनिटांचे. एका बाजूला तीन मिनिटे, हे काही फार नाही, आणि एवढे धैर्य ठेवले तर दिवा आपले काम करतो. आपल्या यंत्राची खिडकी, वॅट आणि दिव्याचे आयुष्य वेगळे असेल, त्यामुळे आकडे थोडे इकडेतिकडे होतील. हातात धरायच्या यंत्रांतला दिवा बहुधा याहून लहान असतो आणि एलईडीची यंत्रे तर सी किरणांत आणखी कमी शक्ती देतात. त्यांच्यासाठी वेग याच्याही निम्म्यावर ठेवलेला बरा.

सेकंदाला ५ सेंटिमीटर हा वेग हाताला सवयीचा नसतो. सुरुवातीला मुलांची ३० सेंटिमीटरची शाळेतली पट्टी गादीच्या कडेला ठेवावी आणि घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे पाहत यंत्राला ती ओलांडायला सहा सेकंद घेऊ द्यावेत. दोन-तीन पट्ट्यांत अंदाज येतो. यंत्र मागेपुढे घासत राहू नये. एकाच दिशेने सरळ न्यावे, शेवटी उचलावे, पुढच्या पट्ट्यावर ठेवावे, आणि दोन पट्टे कडेला दोन बोटे एकमेकांवर येतील असे पाहावे. यंत्राचा तळ गादीला पूर्ण टेकलेला असावा, कारण अंतर वाढले की तीव्रता घटते. एकाच जागी मात्र ते मिनिटभर ठेवून देऊ नये, कारण गादीचे कापड तापते आणि वारंवार असे केल्यास रंग उडतो.

बुरशीच्या बाबतीत हा हिशेब कोलमडतो, हे स्वच्छ सांगायला हवे. काळ्या बुरशीच्या बीजाणूंना शंभराहून अधिक मिलिज्यूल लागतात. वरच्याच दिव्याने एका गादीसाठी पाऊण तास किंवा त्याहून अधिक वेळ जाईल आणि तरी आत रुजलेली बुरशी शाबूत राहील. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत भिंतीला लागून ठेवलेल्या गादीवर काळे ठिपके दिसू लागले, तर दिव्याने ते जाणार नाहीत. ती गादी आधी वाळवावी, भिंतीची ओल शोधावी, आणि ठिपके आत शिरले असतील तर गादी टाकून द्यावी.

दम्याच्या किंवा धुळीच्या ॲलर्जीच्या घरांसाठी

डस्ट माइट हे नाव जाहिरातींत सर्वांत ठळक असते, म्हणून त्याबद्दल वेगळे सांगतो. हा प्राणी साधारण पाव मिलिमीटरचा, डोळ्याला न दिसणारा, आपल्या त्वचेचे पापुद्रे खाऊन गादीत जगतो. परंतु शिंका आणि दमा यांना कारण होतात ती मुख्यतः त्याच्या विष्ठेतली प्रथिने. माइट दिव्याने मारली असे घटकाभर धरले, तरी ती प्रथिने तिथेच राहतात. ती काढायला धुणे किंवा ओढणे हाच मार्ग आहे. चादरी आणि अभ्रे आठवड्यातून एकदा ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुतले तर माइटही मरतात आणि प्रथिनेही वाहून जातात. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आत राहिली तर त्यांना तग धरणे अवघड होते. किनारपट्टीवर हे वर्षातले बरेच महिने जमत नाही, हे खरे आहे, पण झोपायच्या खोलीत ओले कपडे वाळत घालणे तरी थांबवता येते.

आपल्या आजीच्या काळापासून गाद्या, गोधड्या उन्हात टाकण्याची पद्धत आहे, ती या दिव्याने रद्द होत नाही. जमिनीपर्यंत येणाऱ्या उन्हात सी किरण नसतात. तरी उन्हाने गादी कोरडी होते, तापते आणि त्या कोरडेपणाचाच माइटना जास्त त्रास होतो. दुपारी चार-पाच तास गादी दोन्ही बाजूंनी उलटवून टाकावी, संध्याकाळी झटकून घ्यावी आणि मग आत आणून व्हॅक्यूम करावी. कोणत्याही नव्या यंत्राआधी मी गादीला ऊन दाखवीन. फ्लॅटच्या गॅलरीत जागा नसेल, तर निदान उशा आणि पांघरुणे तरी उन्हात जावीत.

यंत्रातला फिल्टर दिव्याइतकाच महत्त्वाचा आहे. मागून बाहेर पडणारी हवा जर बारीक धूळ घेऊनच बाहेर येत असेल, तर ॲलर्जीच्या रुग्णासाठी यंत्राने गादीतली धूळ फक्त हवेत आणली असे होईल. हेपा एच१३ दर्जाचा फिल्टर पकडायला सर्वांत अवघड असलेल्या कणांपैकी ९९.९५ टक्के कण अडवतो. पुस्तिकेत केवळ ‘हेपासारखा’ असे लिहिले असेल, तर तो शब्द मोजू नये. डबा रिकामा करण्याचे काम दम्याच्या रुग्णाने करू नये, तोंडाला मास्क लावून ते दुसऱ्याने करावे, शक्यतो गॅलरीत आणि ओल्या वर्तमानपत्रावर. धुता येणारा फोमचा फिल्टर धुतला तर तो पूर्ण वाळेपर्यंत पुन्हा बसवू नये. पावसाळ्यात यासाठी एक जास्तीचा फिल्टर घरी असला की काम अडत नाही.

जिथे हे यंत्र वापरू नये

फरशीसाठी अतिनील दिव्याच्या व्हॅक्यूम क्लीनरची गरज मला वाटत नाही. आपल्याकडे बहुतेक घरांत शहाबादी, टाइल किंवा ग्रॅनाइटची फरशी असते. ती झाडून साबणाच्या पाण्याने पुसली की पुरेशी स्वच्छ होते. ओटा, संडास-बाथरूम, कच्च्या मटणाचे पाणी सांडलेली जागा, बाळाने ओकलेली चादर, या सगळ्या जागी साबण, पाणी आणि गरज पडल्यास जंतुनाशक द्रावण हेच योग्य. ओलसर जागी विजेचे हे यंत्र नेणे धोक्याचे, आणि मळाखाली किरण पोहोचत नाहीत. रंगीत रेशमी आच्छादने, जुन्या पैठणीची उशी, चामड्याचा सोफा यांच्यावर दिवा फिरवण्यापूर्वी एका कोपऱ्यात तपासून पाहावे.

मोठे दावे करणाऱ्यांना जबाबदार धरण्याचे एक उदाहरण अमेरिकेत घडले आहे. ऑरेक कंपनीचा हेलो नावाचा व्हॅक्यूम क्लीनर जमिनीवर अतिनील प्रकाश टाकत असे, आणि तो वापरल्याने फ्लूसारखे आजार टळतात, अशा दाव्यांना पुरेसा आधार नाही, असा आरोप तिथल्या संघराज्य व्यापार आयोगाने केला. २०११ साली कंपनीने साडेसात लाख डॉलर देऊन ते प्रकरण मिटवले. खरेदी करताना ‘आजार टळतो’ आणि ‘गादीवरचे जंतू कमी होतात’ या दोन वाक्यांमधले अंतर आपण ओळखायला हवे. पहिले वाक्य या यंत्राबद्दल कोणी म्हणत असेल, तर पुरावा मागावा.

देखभाल आणि फुटलेला दिवा

पाऱ्याच्या चांगल्या दिव्याचे आयुष्य कित्येक हजार तासांचे सांगितले जाते. आठवड्याला अर्धा तास वापर धरला तर वर्षाला २६ तास होतात, म्हणजे घरगुती वापरात दिवा झिजण्याआधी मळतो. नळीवर बसलेली बारीक धूळ आणि बोटाचे तेलकट ठसे किरण अडवतात, आणि हे निळ्या उजेडावरून लक्षात येत नाही. म्हणून महिन्यातून एकदा प्लग काढून, दिवा गार झाल्यावर, मऊ कापडाला थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून नळी किंवा एलईडीवरचे आवरण पुसावे. नळीला उघड्या बोटांनी हात लावू नये. ब्रशमध्ये गुंतलेले केस त्याच वेळी कात्रीने कापून काढावेत. चाचणीचे कार्ड सहा महिन्यांनी पुन्हा वापरून पहिल्या वेळच्या रंगाशी ताडून पाहावे; त्यासाठी पहिले कार्ड फोटो काढून तारखेसह ठेवावे.

पाऱ्याचा दिवा फुटला तर यंत्र तत्काळ बंद करावे. या प्रसंगी सर्वांत मोठी चूक म्हणजे तुकडे व्हॅक्यूम क्लीनरनेच ओढून घेणे, कारण त्यामुळे पाऱ्याची वाफ आणि बारीक थेंब घरभर पसरतात. मुलांना आणि पाळीव प्राण्यांना बाहेर पाठवावे, खिडक्या उघडाव्यात, पंखा बंद ठेवावा आणि दहा-पंधरा मिनिटांनी हातमोजे घालून जाड कागदाने तुकडे गोळा करावेत. बारीक कण चिकटपट्टीने टिपावेत, झाडू वापरू नये. हे सगळे झाकणाच्या काचेच्या बरणीत घट्ट बंद करून ठेवावे. दिवा यंत्राच्या आतच फुटला असेल, तर ते गॅलरीत नेऊन ठेवावे आणि दुरुस्ती केंद्राला त्यात पारा सांडला आहे असे आधीच सांगावे, म्हणजे उघडणारा माणूस सावध राहील. गादीवर फुटला असेल, तर ज्या आच्छादनावर पारा पडला ते धुवायला वॉशिंग मशीनमध्ये टाकू नये, वेगळ्या पिशवीत बांधून ठेवावे. जुना दिवा, बरणी आणि पुढे कधी बिघडलेले यंत्रही नेहमीच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रात द्यावे. भारतात २०२२चे ई-कचरा व्यवस्थापन नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत, आणि अनेक महापालिकांच्या हद्दीत अशी संकलन केंद्रे चालतात.